रॅम्पवर पडेल ते आमचंच

"निकाल," तो म्हणाला. "सब निकाल. अभी के अभी."

मी रॅम्पवर उभी. रॅम्प म्हणजे विमानं येऊन लागतात ती सिमेंटची मोकळी जागा. सकाळचे साडेआठ वाजलेले. समोर विमान, बाजूला प्रवाशांनी भरलेली बस. बसचं दार बंद आणि काचांना तोंडं चिकटलेली. आमचा सुपरवायझर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान, दोन बोटांत टाचणी धरून माझ्या नाकासमोर नाचवत होता. ती विमानाच्या पुढच्या चाकापाशी सापडली होती. कुणाची, कधी पडली, कुणी विचारलं नाही. पण आम्हा झाडूवाल्या बायांच्या रांगेत पहिली मी उभी होते.

"साहेब, आमच्याकडे पिना नाहीत," मी म्हणाले.

"बांगड्या. बाल खोल. वो गले का भी."

हातात दोन प्लॅस्टिकच्या बांगड्या होत्या. काढल्या. टोपी काढली. केसांना नुसतं रबर होतं, तेही काढलं. डुमसच्या बाजूने समुद्राचा वारा येतो, कायम येतो. केस सगळे तोंडावर. काही दिसेना. कुर्त्याच्या आत मंगळसूत्र होतं, ते घाईघाईत डोक्यावरून काढायला गेले आणि कानात अडकलं. ओढलं. दोरा जुना होता, तुटला.

काळे मणी सिमेंटवर सांडले. चहूकडे.

तो हसला. खरंच हसला. बसकडे बघून, बाजूला उभ्या लोडर लोकांकडे बघून म्हणाला, "देखा? यही मैं बोल रहा था. ये लोग चलता-फिरता कचरा है."

बसमधल्या एकीने मोबाइल वर धरला होता.

मी गुडघ्यांवर बसले. हिराबाई माझ्याबरोबर काम करते, भेस्तानला राहते, माझ्याहून मोठी. ती पटकन खाली बसायला गेली तर हा ओरडला, "तू नहीं. जिसका गिरा वो उठाएगी."

मी उचलले. एकेक मणी. ज्वारीच्या दाण्याएवढे ते मणी. वाऱ्याने घरंगळत चाकांकडे चाललेले. नखांनी टिपले, सिमेंटच्या भेगेत गेलेले काढलेल्या बांगडीच्या कडेने उकरून काढले. केस तोंडावर, डोळ्यांत पाणी, आणि वरून तो म्हणतोय, "जल्दी कर, फ्लाइट तेरे बाप की नहीं है."

आता मला राग कशाचा येतो सांगू? त्याचा येतोच. पण त्या दिवशी जास्त राग माझाच आला. मी एक शब्द बोलले नाही. मूग गिळून बसले. वर काय, मणी उचलून झाल्यावर पुन्हा एकदा सगळी जागा पालथी घातली. एखादा राहिला तर? इंजिनाला काय कळणार मणी कुणाच्या अपमानाचा आहे ते? ते गिळून टाकणार. मला ते काम येत होतं. त्याला येत नव्हतं. तरी गुडघ्यांवर मी होते.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती टाचणी कुणाची, हे मला माहीत होतं.

तिकडे गावाकडे, आमच्या खान्देशात, बाईच्या बांगडीत पिना असतातच. साडीला लागते, पोराच्या चड्डीला लागते, काटा काढायला लागते. माझ्या हातात लग्नापासून चार-पाच पिना लटकलेल्या असायच्या. पाण्याला जाताना, भाकरी थापताना, त्यांच्याकडे लक्षसुद्धा जायचं नाही. विमानतळाच्या कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी ट्रेनिंग देणाऱ्या सरांनी माझा हात वर धरला आणि म्हणाले, "ताई, हे बघा. ही एक पिन इंजिनात गेली तर आतली पाती खराब होतात. विमानात दीडशे माणसं असतात." ओरडले नाहीत. हसले नाहीत. समजावून सांगितलं. त्या दिवसापासून घरातून निघताना पिना दाराच्या खिळ्याला अडकवून निघते. काचेच्या बांगड्या सोडल्या. सासू गावाहून आली तर म्हणाली, हात उघडे ठेवून काय हिंडतेस. मी म्हणाले, नोकरी आहे. आम्ही सहाही जणींनी ते केलं. कुणी केसाचे काटे सोडले, कुणी जोडवी घरी ठेवली. आमचं काम काय असतं ते आम्हाला पक्कं माहीत होतं. पहिल्या विमानाच्या आधी सहा जणींनी हातभर अंतरावर एका रांगेत उभं राहायचं, मान खाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि जे पडलेलं दिसेल ते उचलायचं. बॅगेचं चाक, चेनची कडी, कुलूप, खडा, पट्टीचा तुकडा, चॉकलेटचा कागद. वाऱ्यावर आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. नियम असा की या रांगेत सगळ्यांनी चालायचं. लोडरने, ड्रायव्हरने, साहेबाने. कागदावर सगळे चालतात. सिमेंटवर आम्ही सहा जणी.

आणि आमच्या पिना लॉकवाल्या असतात. ती होती साधी टाचणी, कागदाला टोचतात तसली. त्या आठवड्यात सुरक्षा सप्ताह चालू होता. सगळ्या साहेबांच्या छातीवर हिरवी रिबन, आणि ती रिबन टाचणीने लावलेली. आम्हाला रिबन दिल्या नव्हत्या, पुरल्या नाहीत म्हणे. तो माझ्यासमोर ओरडत होता तेव्हा त्याच्या शर्टावरची रिबन एका कोपऱ्याने लोंबत होती. दोन टाचण्यांच्या जागी एकच. मी बघितलं. हिराबाईने बघितलं. सहाही जणींनी बघितलं.

सहाही जणी गप्प.

घरी जाऊन सांगितलं, मंगळसूत्र मोरीत तुटलं. खोटं बोलले. खरं सांगायची लाज वाटली. बघा, लाज मलाच वाटली. पांडेसऱ्याच्या आमच्या गल्लीत बाईचा गळा मोकळा दिसला की चार जणी विचारतात. चौघींना तेच सांगितलं. पाचवीला सांगताना मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मोरीने काय केलं होतं? मोरीचं नाव का घेते मी?

रात्रभर तेच डोक्यात. चलता-फिरता कचरा.

त्यानंतर मी बोलायला लागले असं नाही. असं झटकन काही होत नाही. उलट आम्ही सगळ्या जास्त मान खाली घालायला लागलो. तो रोज सकाळी आम्हाला हात पसरून उभं करायचा, तळवे वर. "दिखाओ," म्हणायचा. स्वतःच्या खिशात दोन पेन, किल्ल्यांचा जुडगा, चिल्लर. चालताना खणखण वाजायचा. त्याला कोण म्हणणार, दाखव?

हिराबाईने मात्र एकदा तोंड उघडलं. सामान वाहायच्या ट्रॉल्या असतात, एकीला एक जोडून गाडीसारख्या ओढतात. त्यातल्या एकीचा जोड खिळखिळा झाला होता. वळताना खाडखाड आवाज यायचा. हिराबाईचा नवरा गॅरेजमध्ये कामाला होता, तिला आवाजावरून कळतं. ती साहेबाला म्हणाली, "साहेब, उसका बोल्ट ढीला है. गिर जाएगा."

तो म्हणाला, "तू इंजीनियर है क्या? झाडू मार."

हिराबाई मला म्हणाली, "जाऊ दे गं. आपल्याला काय करायचंय?" मी पण म्हणाले, जाऊ दे. पण माझं लक्ष त्या ट्रॉलीवर लागून राहिलं. आवाज आला की झाडू थांबवून बघायचे. दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी आवाज बदलला. मग ती ट्रॉली नुसती घरंगळल्यासारखी आली आणि गेली.

त्या सकाळी विमान भरलं होतं. शिडी बाजूला झाली, दरवाजा लागला. पोटाखालचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तो दिवा लागला की इंजिन सुरू होणार, मग कुणीही जवळ जायचं नाही. ट्रेनिंगमध्ये हे दहा वेळा घोटून घेतात. आम्ही लाल रेघेच्या मागे उभ्या. आणि मला दिसला.

उजव्या इंजिनाच्या पुढे, चार पावलांवर. बोल्ट. माझ्या अंगठ्याएवढा जाड, त्याहून लांब. एका बाजूला घासून चकाकणारा, उन्हात स्वच्छ दिसत होता.

साहेब माझ्या शेजारीच होता. मी म्हणाले, "साहेब, बोल्ट पडा है. इंजिन के आगे."

त्याने बघितलं. खोटं बोलत नाही, त्याने बघितलं. त्याची मान तिकडे वळली आणि परत आली.

"कुछ नहीं है. छोटा सा है. टाइम हो गया."

"साहेब, रोको."

"चुप. फिर तेरे गले से गिरा होगा."

बाजूचे दोघे लोडर हसले.

त्या हसण्याने मी पुढचं केलं असं लोकांना वाटतं. नाही. हसणं मी ऐकलंच होतं की आधी. मला त्या बंद दरवाजाच्या आतली माणसं आठवली. शिडी चढताना बघितलेली. एक म्हातारा होता, त्याला दोघांनी धरून चढवलं होतं. एक बाई होती, कडेवर पोर, त्या पोराचा बूट शिडीवर पडला होता आणि तो मीच उचलून दिला होता. तिने मला "थँक्यू बेन" म्हटलं होतं. हे सगळे आत पट्टे बांधून बसलेले. त्यांना काय माहीत बाहेर कोण बोल्ट बघतंय आणि कोण बघून मान वळवतंय?

आणि ट्रेनिंगवाल्या सरांचं वाक्य आठवलं. "स्टॉप का इशारा कोई भी दे सकता है. झाडूवाला भी." त्या दिवशी आम्ही सगळ्या हसलो होतो. म्हटलं, आम्ही कुठे विमान थांबवणार बाई!

मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटावर मनगट टाकून फुली केली. थांबा. लाल रेघ ओलांडली नाही. तिथेच उभी राहून, उंच, ताठ. पुढे विमानाच्या नाकाशी हेडसेटवाला असतो, कॅप्टनशी बोलणारा. त्याची पाठ माझ्याकडे. मी ओरडले. कानावर हेडसेट, त्याला काय ऐकू जाणार. साहेबाने माझा हात धरला, खाली ओढायला लागला. "पागल हो गई क्या? नौकरी जाएगी तेरी!"

मी हात खाली घेतला नाही. तो ओढत होता, मी खाली येऊ देत नव्हते. दंडाला त्याची नखं लागली.

मग हिराबाईने हात वर केले.

तिने केले म्हणून तिसरीने. मग चौथीने. आम्ही बाया एका रांगेत, डोक्यावर फुल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेब कुणाकुणाचे हात ओढणार? समोर विमान ढकलायचा ट्रॅक्टर होता, त्यावरच्याला आम्ही दिसलो. त्याने हेडसेटवाल्याला खूण केली. हेडसेटवाला वळला, आम्हाला बघितलं आणि एका क्षणात त्याचेही हात वर गेले. कॅप्टनसाठी.

लाल दिवा विझला.

इंजिनियर आला. वाकला, बोल्ट उचलला, तळहातावर ठेवून बघत राहिला. इंजिनाकडे बघितलं, परत बोल्टकडे. मग आमच्याकडे येऊन विचारलं, "किसने देखा?" मी म्हणाले, मैंने. तो म्हणाला, "अच्छा किया." बस्स. एवढंच. त्या दोन शब्दांनी मी तिथेच खाली बसले. हिराबाई ट्रॉल्यांकडे गेली आणि त्या खिळखिळ्या ट्रॉलीच्या जोडाकडे बोट दाखवून उभी राहिली. भोक रिकामं होतं. बोल्टच्या जागी कुणीतरी तार पिळून बांधली होती. म्हणजे बोल्ट पडल्याचं कुणाला तरी आधीच माहीत होतं. कुठे पडला ते शोधलं नाही, तार बांधली आणि ट्रॉली चालवली.

विमान उशिरा गेलं. पण धडधाकट गेलं.

दुपारी मला ऑफिसात बोलावलं. विमानतळाच्या नाही, आमच्या कंत्राटदाराच्या. साहेब होता, आणि त्याचा वरचा मॅनेजर. एसी. मला उभंच ठेवलं. टेबलावर टाइप केलेला कागद, वर पेन.

मॅनेजर गोड बोलत होता, कौतुक करत. "बेन, काम तो सारुं कर्युं तमे. बस फॉर्मालिटी छे. सही करी दो."

कागद गुजरातीत. त्यांना वाटलं मला वाचता येत नाही. मी विमानतळावर यायच्या आधी पाच वर्षं साड्यांना घड्या घालायचं काम केलं आहे. हजार लेबलं बघून गुजराती अक्षरं शिकले. हळू वाचते, पण वाचते. मी कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले.

"वांचवानी जरूर नथी, बेन," मॅनेजर म्हणाला.

मी वाचत राहिले. बोट सरकत होतं. दोघेही खुर्चीत चुळबुळायला लागले. तिसऱ्या ओळीवर आले. "सफाई करती वखते मारी बेदरकारीथी बोल्ट रही गयो."

बेदरकारी. तो शब्द आमच्याही भाषेत आहे. सफाई करताना माझ्या बेदरकारीने बोल्ट राहिला.

म्हणजे ट्रॉली चांगली. तार बांधणारा चांगला. बघून मान वळवणारा चांगला. चूक झाडूवालीची. टाचणी पडली, तुझी. बोल्ट पडला, तुझा. या रॅम्पवर जे जे पडेल ते आमचंच, आणि जे उडेल ते यांचं.

मी पेन उचललं नाही. म्हणाले, "ये झूठ है."

साहेब उसळला. "झूठ? तेरी औकात क्या है? बिना पूछे सिग्नल दिया, फ्लाइट लेट की. सही कर, नहीं तो कल से गेट पे पास नहीं चलेगा."

मॅनेजरने त्याला गप्प केलं. मला म्हणाला, सही करा, तुम्हाला आत टर्मिनलमध्ये घेतो, उन्हातान्हाची गरज नाही. बाथरूमची साफसफाई. एसीमध्ये.

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आपके शर्ट पे रिबन थी ना, सुरक्षा सप्ताह की? उसकी एक टाचणी कहाँ गई?"

साहेबाचा हात छातीकडे गेला. रिबन केव्हाच काढून टाकलेली होती, तरी गेला. मॅनेजरला काही कळलं नाही. आम्हा दोघांना कळलं. तेवढं पुरे होतं मला. मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालला नाही.

घरी नवरा. तो पांडेसऱ्यातच डाइंग मिलमध्ये आहे, हात कोपरापर्यंत रंगलेले असतात, कधी निळे, कधी गुलाबी. चांगला माणूस आहे. पण भ्यायलेला माणूस आहे. जेवताना म्हणाला, "सही करी टाक. आपलं काय जास?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मोरीत काही तुटलं नव्हतं, हेही सांगितलं. बस, मोबाइल, गुडघे, सगळं. तो घास तसाच हातात धरून बसला. मुलगी अभ्यास करत होती, तिने वही मिटली. मी तिला आत जा म्हटलं नाही. म्हटलं, ऐक. तुझ्या आईला कचरा म्हणालेत, ऐक.

त्याने घास परत ताटात ठेवला. मग तो म्हणाला, "तू काय करसी?"

"सही नही करसू," मी म्हणाले. "मरी गये तरी नही."

मी विमानतळाच्या सेफ्टी ऑफिसात तक्रार दिली आहे. हिराबाई बरोबर आली होती, तिला घरून बोलणी बसली तरी आली. आत बसलेल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, इंजिनियरचं म्हणणं मागवते म्हणाल्या आणि सोमवारी अकराला या म्हणाल्या. माझं म्हणणं लेखी द्यायचं आहे. कंत्राटदाराचा माणूस काल पांडेसऱ्याला येऊन गेला. तक्रार मागे घे, पास चालू करतो म्हणाला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. दारातून परत पाठवला.

मुलगी म्हणाली, आई, मी लिहून देते, माझं अक्षर चांगलं आहे. मी नको म्हटलं. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ओळी वर चढतात. चढू देत. मराठीत लिहिणार आहे. त्यांना वाचता आलं नाही तर त्यांनी कुणाकडून वाचून घ्यावं, मी नाही का त्यांचं वाचलं?

टाचणीचं लिहिणार. तारेचं लिहिणार. रांगेत कोण चालतं आणि कोण चालल्याचं कागदावर दिसतं, ते लिहिणार. हिराबाईने बोल्ट ढिला आहे म्हणून सांगितलं होतं आणि तिला काय उत्तर मिळालं, ते शब्दाला शब्द लिहिणार. नोकरी परत मिळेल की नाही मला माहीत नाही. मिळाली तर रॅम्पवरच पाहिजे, बाथरूममध्ये नको. आणि नाही मिळाली तरी हा कागद मागे येणार नाही.

पहिली ओळ लिहून झाली आहे. बोल्ट मी पाडला नाही. बोल्ट मी पाहिला, आणि साहेबांनीही पाहिला.

याच्याखाली सही माझी. पूर्ण नावाने.